सात गठ्ठ्यांतला ऑक्टोपस

माझ्या सासुरवाडीत असा पक्का समज आहे की मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. तो समज मी कधी खोडून काढला नाही. जावयाला कशात तरी मान नको का? खरं सांगायचं तर मी एका विमा कंपनीच्या कचेरीत बसतो. सकाळी कॉम्प्युटर चालू करतो, संध्याकाळी बंद करतो, आणि मध्येच तो अडला तर वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या बाईंना फोन करून गयावया करतो. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. सासरी सगळे शिंपी, त्यामुळे त्या घरात मी इंजिनिअर.

शनिवारी दुपारी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात मेव्हणीचा फोन आला.

"जिजू, आत्ताच्या आत्ता या. फाइल उघडत नाहीये. पाचला टेम्पो येतोय."

"कसला टेम्पो?"

"मशीन परत न्यायला!" एवढं बोलून तिनं हुंदका दिला.

माझी मेव्हणी रडणाऱ्यांतली नाही. मयताला गेली तरी कोपऱ्यात कुणाला तरी हसवून येईल अशी ती. तिचा हुंदका ऐकून बायकोनं माझ्या अंगावर शर्ट फेकला आणि आम्ही निघालो.

सासूबाईंचं शिवणाचं दुकान म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या. पहिलीत कापायचं लांब टेबल, आतल्या खोलीत बिनडोक्याचा पुतळा, वाफेच्या इस्त्रीचा दमट वास, आणि एक अख्खी भिंत धाग्यांच्या रिळांची. सासूबाईंचं भरतकाम गावभर प्रसिद्ध. त्यांनी भरलेलं कापड लोक आधी उलटं करून बघतात आणि मग सुलट बाजू कुठली यावर वाद घालतात, इतकी सफाई. थोरलीला, म्हणजे माझ्या बायकोला, ही कला आली आणि तिनं ती सोडून शाळेत नोकरी धरली. धाकटी जीव ओतून दुकानात राहिली, पण तिच्या हाताला टाकाच बसेना. चित्र डोक्यात लख्ख असायचं आणि सुईतून उतरेपर्यंत त्याचा चेंदामेंदा व्हायचा. तिनं भरलेला गुलाब एका गिऱ्हाइकानं टोमॅटो समजून घेतला, आणि आवडला म्हणून सांगून गेला.

त्यामुळे गेली बारा वर्षं ती काज-बटणाच्या स्टुलावर होती. तिला कापडावर चित्रं काढायची होती आणि ती बटणं लावत होती. हसत लावत होती, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

मग पलीकडच्या गल्लीतल्या कशिदेवाल्या काकांनी धंदा बंद केला. मेव्हणीनं त्यांचं भरतकामाचं मशीन महिनाभराच्या बोलीवर उचलून आणलं, आणि सोबत ते चालवणारा जुनापुराणा कॉम्प्युटरही. मशीनची केबल फक्त त्याच कॉम्प्युटरला बसायची. सासूबाईंनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं. महिन्यात एक तरी चीज काढून दाखव, नाहीतर जिथून आलं तिथं जाऊ दे. आणि मग पुन्हा मशीनचं नाव माझ्यापुढं काढायचं नाही."

तो महिना त्या शनिवारी संपत होता.

मेव्हणीनं तोवर आईला न विचारता एक ऑर्डरही घेऊन ठेवली होती. पोहण्याच्या क्लबच्या जॅकेटांच्या पाठीवर ऑक्टोपस. सासूबाई ऑक्टोपसवर विशेष नाराज होत्या. "आठ-आठ हात आणि एकाला काम नाही," असं त्या मेव्हणीकडे बघत म्हणायच्या.

आम्ही पोचलो तेव्हा मेव्हणी आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे नाक पुसत बसली होती. कॉम्प्युटर म्हणजे ढेरपोट्या पडद्याचा, पिवळा पडलेला, आणि चालू असला की टेबलावरच्या टाचण्या थरथरतील एवढा घरघरणारा.

"बसा, जावईबापू," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "तुम्ही आलात, बरं झालं. निदान नाही होत हे तरी नीट सांगाल."

मी बाह्या सरसावल्या. बाह्या सरसावणं मला उत्तम जमतं.

मेव्हणीनं सगळं समजावलं. ऑक्टोपसची नक्षी एकटी मिळत नव्हती. समुद्रातल्या प्राण्यांचा अख्खा संच घ्यावा लागला, आणि तो एवढा मोठा की नक्षीवाल्यांनी दाबून, आवळून, सात तुकडे करून ठेवला होता. सात फाइली. सगळा आठवडा त्या उतरवण्यात गेला होता, कारण मध्येच वीज जायची नाहीतर इंटरनेट तरी. आता सातही आल्या होत्या आणि एकही उघडत नव्हती.

"गादी-रजया कशा पिशवीत कोंबून हवा काढून ठेवतात, तसंच हे," मी म्हणालो. "नुसती चेन उघडायची."

"मग उघडा ना," बायको म्हणाली. आईसमोर ती मला अहो-जाहो करते. एरवी या वाक्यात आणखी दोन शब्द असते.

मेव्हणीनं मला सातही फाइली दाखवल्या. इतकी व्यवस्थित मांडणी मी आमच्या कचेरीतही पाहिली नव्हती. प्रत्येक फाइलीला स्वतंत्र फोल्डर, प्रत्येकावर नाव: गठ्ठा पहिला, गठ्ठा दुसरा, गठ्ठा तिसरा. एका घरात एकच फाइल, कुणाचा कुणाला धक्का नाही.

"वा!" मी म्हणालो. "काम असं हवं." आणि पहिल्या गठ्ठ्यावर दोनदा टिचकी मारली.

कॉम्प्युटर घरघरला, विचारात पडला, आणि म्हणाला, जागा अपुरी आहे.

मला हायसं वाटलं. ही तक्रार मला ओळखीची होती. "आत काहीतरी भरलंय," मी ऐटीत सांगितलं. "ते आधी काढू." आम्ही शोधायला लागलो आणि एका कोपऱ्यात 'मी' नावाचं फोल्डर सापडलं. गलेलठ्ठ. आत शेकडो फाइली. बायकोनं त्यातली एक चालू केली.

आधी कुणीतरी खाकरलं. मग घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज आला. आणि मग कशिदेवाले काका गायला लागले.

काय सांगू! आवाज चढायचा तिथे उतरत होता आणि उतरायचा तिथे अडकून बसत होता. मागून भरतकामाच्या मशीनची टकटक, म्हणजे काम चालू असतानाच काका ध्वनिमुद्रण करत होते. मध्येच गाणं थांबवून त्यांनी कुणाला तरी सांगितलं, "दोरा तुटला बघ," आणि पुन्हा त्याच ओळीपासून धरलं. मेव्हणीचं रडणं कुठल्या कुठे पळालं. ती स्टुलावरून घसरली. बायको पुतळ्याला मिठी मारून हसत होती. मी हसता हसता माऊस खाली पाडला.

"भीक नको पण कुत्रं आवर," सासूबाई दारातून म्हणाल्या. पण त्यांचा पदर तोंडावर होता आणि खांदे हलत होते.

काकांची गाणी पुसून टाकायला कुणाचं मन होईना. शेवटी माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर सगळी उतरवून घेतली आणि मग कॉम्प्युटर रिकामा केला. त्यात तासभर गेला. मध्ये चहा झाला. चहा पिताना मेव्हणी काकांची नक्कल करत होती आणि तिच्या हातातली बशी उडत होती. मला वाटलं, झालं, जिंकलोच.

मी पुन्हा पहिल्या गठ्ठ्यावर टिचकी मारली. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी पडद्यावर आली.

पट्टी हलली. सगळे पुढे वाकले. पट्टी जरा हिरवी झाली आणि थांबली. कॉम्प्युटर म्हणाला, पुढचा तुकडा सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? हा काय शेजारी!" मेव्हणी म्हणाली आणि दुसरा गठ्ठा उघडून दाखवला, जणू कॉम्प्युटरला डोळे होते.

मी दुसऱ्या गठ्ठ्यावर टिचकी मारली. तो म्हणाला, आधी पहिला उघडा. पहिला म्हणाला, दुसरा सापडत नाही. मी तिसऱ्याला विचारलं. त्यानंही पहिल्याकडे बोट दाखवलं. आमच्या कचेरीत याला कामाची पद्धत म्हणतात, पण ती पलीकडून सोसावी लागली तेव्हा माझं डोकं फिरलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. केबल काढली, फुंकली, लावली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना फोन केला. त्या भाजी घेत होत्या. म्हणाल्या, "फाइल खराब उतरली असेल, पुन्हा उतरवा," आणि मला सोडून वांग्यांचा भाव विचारायला लागल्या.

पुन्हा उतरवा! सगळा आठवडा गेला होता आणि पाच वाजायला अर्धा तास होता.

मेव्हणीनं मशीनवर आधीच ताणून ठेवलेल्या कापडावरून हात फिरवला. निळं, कोरं, फ्रेममध्ये चापून बसवलेलं.

"जाऊ दे, जिजू," मेव्हणी म्हणाली. "तुम्ही खूप केलंत. माझ्या हातालाच नाही ते."

आता हे मला सहन होईना. मी तापट माणूस आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, बायकोला जास्तच. मला त्या कॉम्प्युटरचा राग आला, नक्षीवाल्यांचा आला, वांग्यांचा आला. "ठेवायचंच नाही काही!" मी ओरडलो. "एकेक करून कचऱ्यात टाकतो!" आणि एकेका गठ्ठ्यातून फाइल ओढून पडद्याच्या मधोमध आपटायला लागलो. एकदाच सगळा ढीग कचऱ्यात लोटायचा असा बेत होता. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या एकावर एक.

"अहो, हे काय!" सासूबाई कळवळून पुढे आल्या. "सगळे गठ्ठे एकत्र करताय? एकाची बाही दुसऱ्याला जाईल!"

त्या घरात कापलेलं कापड मोकळं ठेवणं म्हणजे महापाप. गळा, बाही, अस्तर, सगळं ज्याचं त्याच्या गठ्ठ्यात, चिंधीनं बांधून, वर नावाची चिठ्ठी. पोरी चालायला लागण्याआधी गठ्ठे बांधायला शिकतात.

मी सातवी फाइल आपटली आणि माऊस सोडून दिला. ढकलायला बोट वळेना.

"थांबा," मेव्हणी म्हणाली. "एकदा शेवटचं." आणि निरोप घ्यावा तशी तिनं ढिगातल्या पहिल्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली.

पट्टी हलली.

थोडी हिरवी झाली. मघाशी थांबली होती तिथं आली. तिथं थांबली नाही.

"गेली!" बायको किंचाळली. "पुढे गेली!"

दुसरा तुकडा, असं पडद्यावर आलं. मग तिसरा. आम्ही चौघांनी त्या ढेरपोट्या पडद्यापुढे अशी गर्दी केली होती की कुणाचं डोकं कुणाचं ते कळेना. चौथ्याला पट्टी जरा रेंगाळली तर मेव्हणी तिला "चल गं, चल, माझी बाई" म्हणून गोंजारायला लागली. पाचव्याला बायकोनं माझा दंड एवढा आवळला की बोटं उमटली. आणि तेव्हाच बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"आला!" मेव्हणीचा चेहरा पडला.

"येऊ दे," मी म्हणालो. "सहावा चाललाय."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. त्या सगळ्या फाइली शेजारी शेजारी, एका जागी लागत होत्या. पहिला तुकडा दुसऱ्याला हाका मारत होता आणि दुसरा आपल्या घरात दार लावून बसला होता. नीटनेटकेपणानंच घात केला होता. मी ते तिथल्या तिथे मोठ्यानं बोलून दाखवलं. मला काही कळत नव्हतं, रागानं ढीग केला आणि तो लागू पडला, हेही सांगून टाकलं. कुणी विश्वास ठेवला नाही. बायको म्हणाली, "उगाच नम्रपणा करू नका." आयुष्यात एकदा खरं बोललो आणि त्याचीही स्तुती झाली.

सासूबाई मात्र लेकीकडे बघत होत्या.

"हे फोल्डर का काय, हे वेगवेगळे तू केलेस?" त्यांनी विचारलं.

"हो," मेव्हणी म्हणाली. "तूच नाही का सांगत, गठ्ठे मिसळायचे नाहीत. टाका आला नाही तुझा, म्हटलं एवढं तरी नीट करावं."

सासूबाईंनी पडद्यावरच्या सात गठ्ठ्यांची नावं एकेक करून वाचली. बारा वर्षं ज्या पोरीनं आपलं काही उचललं नाही असं त्या म्हणत आल्या, तिनं त्यांची शिस्त इतकी उचलली होती की त्या शिस्तीपायीच बुडायची वेळ आली होती. मला रडू येत होतं, आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम झालं की मला ठसका लागतो, तो लागला.

सातवा संपला. पडद्यावर देवमासे, खेकडे, शिंपले धडाधड उमलले, आणि त्यात आठ हात पसरून आमचा ऑक्टोपस.

कशिदेवाले काका टेम्पोतून उतरून आत आले ते थेट कॉम्प्युटरकडेच. "बरं झालं परत मिळतोय," ते म्हणाले. "मशीनचं मला काही नाही हो, पण आत माझी गाणी राहिली होती. महिनाभर झोप नाही लागली."

बायकोनं पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला. "सगळी आहेत, काका. एकही हरवलं नाही. आम्ही ऐकलंसुद्धा."

"ऐकलं?" काका लाजले. "कसं वाटलं?"

"आम्ही अक्षरशः पडलो," मेव्हणी म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

तिनं ऑक्टोपस मशीनला पाठवला. क्षणभर काही झालं नाही. मग सुई एकदा खाली गेली, वर आली, आणि टकटक टकटक करत धावतच सुटली. निळ्या कापडावर नारिंगी डोकं भरायला लागलं. गोल, गच्च, एकही टाका सैल नाही. मेव्हणी टाळ्या वाजवत जागच्या जागी उड्या मारत होती, बायको तिच्या गळ्यात, मी दोघींच्या भोवती. काकांना राहवलं नाही, त्यांनी त्या टकटकीवर सूर लावला. प्रत्यक्षात आवाज आणखी वाईट होता आणि मला तो जगातला सगळ्यात गोड वाटला.

सासूबाई पुढे झाल्या. कापड उलटं करून बघायला त्यांनी फ्रेमला हात घातला.

"आई, हात लावू नकोस!" मेव्हणी कडाडली.

आम्ही सगळे थिजलो. त्या दुकानात त्या स्वरात सासूबाईंशी आजवर कुणी बोललं नव्हतं. काकांचा सूरसुद्धा मध्येच लटकला.

"फ्रेम हलली तर नक्षी सरकते," मेव्हणी खालच्या आवाजात म्हणाली, पण हात तसाच आडवा धरून. "पुरं होऊ दे. मग बघ."

सासूबाईंनी हात मागे घेतला. तेवढ्यात मशीन थांबलं आणि पीं पीं करायला लागलं. पहिला रंग संपला होता, त्याला दुसरा हवा होता. मेव्हणीला जागेवरून हलता येत नव्हतं, एका हातानं तिनं धाग्याचं सुटलेलं टोक धरलं होतं. सासूबाई वळल्या आणि रिळांच्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या.

"कुठला देऊ?" त्यांनी विचारलं.

"गुलाबी."

त्यांनी एक गुलाबी आणला. मेव्हणीनं बघितला आणि मान हलवली. "हा नको. याच्या शेजारचा, जरा मळका."

सासूबाई परत गेल्या, तो ठेवला आणि शेजारचा आणला. मेव्हणीनं तो ओवला. सुई पुन्हा धावायला लागली आणि ऑक्टोपसला पहिला हात फुटला.

"मग काय करू?" काकांनी विचारलं. "टेम्पो रिकामा पाठवू?" आणि उत्तराची वाट न बघता ते पुन्हा गायला लागले.

"गा हो, पण जरा हळू," सासूबाई म्हणाल्या. "कारागीर कामात आहे."

मेव्हणीनं वर बघितलं नाही. तिची नजर सुईवरच होती. "आई," ती म्हणाली, "डोळ्यांसाठी पांढरा काढून ठेव."

सासूबाईंनी पांढरा काढला आणि तिच्या हाताशी धरून उभ्या राहिल्या.